फुलं संपली, या

डोक्यावरून विमान जात असताना बाई बोलत नसत. वाक्य जिथे असेल तिथे थांबायचं. "आमटीत मीठ", असं म्हणून त्या ओठ मिटत आणि छताकडे न बघता उभ्या राहत. आवाज घराच्या कौलांवरून, मागच्या बागेवरून, रेल्वेच्या पलीकडे जाई. मग त्या म्हणत, "कमी आहे." मध्ये काही झालंच नाही, अशा सुरात. नवख्या माणसाला वाटे, बाईंना काहीतरी झालं.

घर लंडनच्या हाउन्सलोत होतं, विमानतळावर विमानं उतरण्याच्या वाटेवर. वारा पश्चिमेचा असला की ती एकामागोमाग एक येत, चाकं काढलेली. दुपारी तीनला धावपट्टी बदलली जाई आणि आवाज शेजारच्या वस्तीवर सरके. पुढच्या आठवड्यात उलट. बाईंना हे वेळापत्रक पाठ होतं. कोणाला नोकरी गेल्याचं सांगायचं असो की लग्न ठरल्याचं, त्या म्हणत, "तीननंतर बोल. सलग ऐकू दे."

मी त्यांच्याकडे खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी दोनच प्रश्न विचारले. गाव कुठलं, आणि गुडघे दुखतात का. मी पुण्यातल्या वर्तमानपत्रातली नोकरी सोडून लंडनला आले होते. पश्चिम लंडनच्या एका कचेरीत पाळीपाळीने बातम्या वाचून त्यांचे गोषवारे काढायचे, असं काम होतं. त्याबद्दल त्यांनी काही विचारलं नाही.

"जळगाव," मी म्हटलं. "गुडघे ठीक आहेत."

"जळगाव! बाप रे," त्या म्हणाल्या. "म्हणजे पाणी जास्त लागणार."

त्याचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळला. स्वयंपाकघरात चहा करत असताना बाई मागच्या दारातून आत आल्या. अंगात जाड कोट, पायांत सपाता, आणि उजव्या हाताचा अंगठा मातीने काळा.

"नागपूर उचललं गेलंय," त्या म्हणाल्या. "चिपळूण बरं आहे. बार्शीची मुळं वर आली होती, दाबून आले."

मागच्या बागेत, उत्तरेकडच्या कुंपणाला लागून, एका जुन्या नाशपतीच्या सावलीत प्रिमरोझचे गड्डे ओळीने लावलेले होते. सुरकुतलेली, जिभेसारखी पानं जमिनीला चिकटून बसलेली. हिवाळा सरता सरता त्यांच्या मधोमध फिकट पिवळी फुलं येतात. लोण्याचा रंग, मध्ये किंचित गडद. कडक थंडीत दंव गोठलं की माती फुगते आणि झाड मुळांसकट वर उचललं जातं. तसंच राहिलं तर मुळं उघडी पडून सुकतात. म्हणून बाई थंडीत रोज सकाळी ओळीने वाकत जात आणि प्रत्येक गड्डा अंगठ्याने परत खाली दाबत. खुरपं वापरत नसत. "खुरप्याला कळत नाही किती दाबायचं."

गड्ड्यांना नावं होती ती भाडेकरूंच्या गावांची. बाईंच्या वरच्या दोन खोल्यांत वर्षानुवर्षं मराठी मुलंमुली राहून गेली होती. कोणी सॉफ्टवेअरमधली, कोणी विमानतळाजवळच्या गोदामात रात्रपाळी करणारी, कोणी शिकायला आलेली. प्रत्येकाला राहायला आल्यावर आधीच्या कुणाच्या तरी गड्ड्याचा अर्धा भाग मिळे. तो लावायचा, सांभाळायचा. आणि माणसालाही त्या गावाच्याच नावाने हाक मारत. मी तिथे राहिले तोवर माझं नाव जळगाव होतं. "जळगाव, चहा टाकू?" "जळगाव, दार नीट लाव." माझा गड्डा चिपळूणपासून फोडलेला होता. चिपळूण म्हणजे माझ्या समोरच्या खोलीतली मुलगी. ती माझ्याआधी दोन वर्षं तिथे होती आणि बाईंच्या पाठीमागे त्यांना एअर ट्रॅफिक कंट्रोल म्हणे.

बाई मूळच्या मिरजेकडच्या. लग्न होऊन इथे आल्या, नवरा तरुणपणीच वारला, मूल नव्हतं. एवढी माहिती त्यांनी एका बैठकीत दिली आणि परत त्या विषयाला हात लावला नाही. निवृत्त होईपर्यंत त्या विमानात जाणारी जेवणं तयार होतात त्या स्वयंपाकघरात होत्या. सरकत्या पट्ट्यावरच्या ट्रेमध्ये चौकोनी डब्या मांडायचं काम. त्याचा परिणाम घरी दिसे. त्यांच्या ताटात भाताचा चौकोन असे, उसळीचा चौकोन असे, आणि चटणी कायम वरच्या उजव्या कोपऱ्यात. चिपळूणने एकदा भात मध्ये वाढून घेतला, तर बाई म्हणाल्या, "ही काय पद्धत झाली? माणसाला अंधारातसुद्धा कळलं पाहिजे कुठे काय आहे."

प्रिमरोझ त्यांना शेजारच्या इंग्लिश बाईंनी दिलं होतं, कुंपणावरून, वर्तमानपत्रात गुंडाळून. नवरा गेल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात. बाईंनी थँक यू म्हटल्यावर शेजारीण घाबरून म्हणाली होती, असं म्हणू नकोस, दिलेल्या रोपाबद्दल आभार मानले तर ते जगत नाही. इकडच्या म्हाताऱ्या माणसांत ही समजूत अजून आहे. ते रोप पहिल्या हिवाळ्यात मेलं. शेजारणीने दुसरं दिलं. त्या वेळी बाई तोंडातून शब्द न काढता आत गेल्या, आणि ते जगलं. त्यानंतर त्यांनी या बाबतीत कधी धोका पत्करला नाही. मला माझा अर्धा गड्डा हातात देताना त्यांनी आधीच बोट दाखवलं. "काही बोलायचं नाही. घ्यायचं आणि चालायला लागायचं."

म्हणजे ओळीतली सगळी गावं त्या एकाच रोपाचे तुकडे होती. फुलं तंतोतंत सारखी. एकाच झाडाची असल्यामुळे त्यांना बी धरत नव्हतं. वाढवायचं तर फोडायलाच हवं. मी एकदा म्हटलं, "काकू, पाट्या काढून टाकल्या तर कुठलं कोणाचं हे कुणालाच सांगता येणार नाही." बाईंनी माझ्याकडे बघितलं. "पाट्या आहेतच कुठे?" खरोखरच नव्हत्या.

फोडायची पद्धत ठरलेली होती. मे सरताना फुलं संपली की गड्डा उपटायचा. स्वयंपाकघरातले जेवणाचे दोन काटे पाठीला पाठ लावून मधोमध खुपसायचे आणि बाहेरच्या बाजूला दाबायचे. गड्डा फाटल्याचा आवाज येतो. मग बादलीत मुळं धुवायची, पांढऱ्या अळ्या दिसल्या तर वेचून पक्ष्यांच्या फळीवर ठेवायच्या. शेवटी कात्रीने मुळं आखूड करायची आणि पानं अर्ध्यावर कापायची. मी पहिल्यांदा कात्री बघून थांबले.

"मरेल हो काकू."

"केस कापल्यावर मेलीस का तू?"

अर्धा भाग परत जागेवर, अर्धा ज्याचा त्याने न्यायचा. दर दोन वर्षांनी हे केलं नाही, तर गड्डा आपल्याच गर्दीत गुदमरतो. मधला भाग लाकडासारखा होतो, मग पोकळ, आणि शेवटी कडेला चार पानं उरतात.

बाईंचा नियम असा, की ज्याचा गड्डा त्यानेच फोडायचा. घर सोडून गेला असला तरी. मेअखेरीच्या एका रविवारी त्या जिन्याखालच्या लँडलाइनवरून एकेकाला फोन करत. नंबर पाठ होते. "फुलं संपली. या." एवढं बोलून समोरच्याचं ऐकून घेत आणि "बरं" म्हणून फोन ठेवत. आम्ही स्वयंपाकघरातून ऐकत असू. "बरं" किती लवकर येतं, त्यावरून समोरच्याने काय सांगितलं ते समजे.

थोडे जण येत. बार्शी बर्मिंगहॅमला होता. तो एकदा, आई गावाहून आलेली असताना, तिला घेऊन आला. त्या माउलीने बागेत बसून गड्डा फोडला आणि हरभऱ्याची भाजी या मातीत येईल का ते विचारलं. डोंबिवली नवराबायको कॅनडाला गेले. बाई त्यांनाही फोन करत. त्यांचा गड्डा माझ्यासमोर दोन उन्हाळ्यांत मेला. मी म्हटलं, "काकू, तुम्हीच फोडला असता तर वाचला असता."

"मी फोडला तर तो माझा झाला."

"झाला तर काय बिघडलं?"

"मग त्यांचं इथे काय राहिलं?"

ती जागा त्यांनी रिकामी ठेवली. नवं काही लावलं नाही. सुपरमार्केटच्या दारात जानेवारीपासून लाल, जांभळ्या, झगझगीत प्रिमरोझचे ट्रे मांडलेले असतात. मी त्यातलं एक आणू का विचारलं. बाई म्हणाल्या, "ती वापरून फेकायची फुलं. पाहुण्यांच्या सपातांसारखी."

"लेबलवर हार्डी, म्हणजे चिवट, असं लिहिलेलं असतं की."

"हार्डी थंडीला. दुर्लक्षाला नव्हे."

ओळीत सगळ्यात मोठा गड्डा नागपूरचा होता. मी त्याच्याच खोलीत राहायला आले होते. तो बाईंकडे सगळ्यांत जास्त वर्षं राहिला. संगणकाच्या कामासाठी व्हिसावर आलेला, आणि त्या घरात विमानाखाली बोलणारा एकटा तोच. बाई थांबल्या की तो त्यांची वाक्यं पुरी करायचा, ओरडून. "कचऱ्याचा डबा", असं म्हणून त्या थांबल्या, की वरून विमान आणि खालून नागपूर: "बाहेर ठेवलाय काकू, हिरवा पण ठेवलाय, तुमच्या भाच्याला पण फोन केलाय!" बाई चिडत. विमान गेल्यावर उरलेलं वाक्य त्या तरीही म्हणत, पण हसू आवरत नसे. हे मला चिपळूणने सांगितलं. तो रविवारी पाटवडीचा रस्सा करायचा, फोडणीने धुराचा अलार्म वाजायचा, आणि बाई स्टुलावर उभ्या राहून त्याला टॉवेलने वारा घालायच्या. अलार्मला की नागपूरला, हे चिपळूणला आठवत नव्हतं.

लग्न झाल्यावर तो ईलिंगला राहायला गेला. हाउन्सलोहून थेट बस जाते. त्या वर्षी बायकोला घेऊन आला, गड्डा फोडला, अर्धा घेऊन गेला. तिथे फ्लॅटच्या खिडकीत तो मेला, असं फोनवर सांगितलं. बाई म्हणाल्या, "इथला अर्धा आहे." त्यानंतर त्याला मुलगी झाली. मग दर मे महिन्यात "नेक्स्ट वीकेंड पक्का, काकू." बाईंचं "बरं" कॅनडाच्या वेळी चटकन येई. ईलिंगच्या वेळी त्या बराच वेळ ऐकत राहत.

माझ्याच्याने राहवलं नाही तेव्हा मी एकदा म्हटलं, "एवढ्या जवळ राहतो, तर यायला काय होतं?"

"जवळ आहे म्हणूनच," बाई म्हणाल्या. "कधीही येता येतं ना." मग विमान आलं. ते गेल्यावर त्यांच्या वाक्यात काही उरलेलं नव्हतं.

मी ते घर सोडून जवळच ब्रेंटफर्डला खोली घेतली, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात बाई बागेत पडल्या. दंव पडलेल्या सकाळी गड्डे दाबताना पाय घसरला आणि खुबा मोडला. शेजाऱ्याने कुंपणावरून बघितलं म्हणून लवकर कळलं. साउथहॅम्प्टनचा भाचा आला. मोठ्या बहिणीचा मुलगा. जन्म इथलाच, बंदराच्या कचेरीत नोकरी, चाळिशीचा, शांत माणूस. रुग्णालयात तो बाईंच्या उशाशी बसून सावकाश बोलत होता.

"मावशी, तू एकटा नाही राहू शकत. माझा फ्लॅटमध्ये लिफ्ट आहे. जिना नाही एक पण. बाल्कनी आहे, मोठा."

"तोंड कुठे आहे बाल्कनीचं?"

"तोंड?"

"साउथ-फेसिंग का?"

"हो!" तो खूश झाला. "फुल सन, मावशी. ऑल डे."

बाईंनी डोळे मिटून घेतले. प्रिमरोझला सावली लागते, गारवा लागतो, पायाशी ओल लागते. "त्यांना मारायला न्यायचं का तिकडे?" त्या मला म्हणाल्या. स्वतःच्या जाण्याबद्दल त्यांनी वाद घातला नाही. घर विकायचं ठरलं.

मे सरला. बाई काठी टेकत जिन्याखाली गेल्या. मी त्या रविवारी तिथेच होते. फोन उचलण्यापूर्वी त्यांनी मला बजावलं, "घर जातंय हे कोणाला सांगायचं नाही."

"सांगितलं तर सगळे येतील, काकू."

"म्हणूनच."

"निदान नागपूरला तरी..."

"म्हातारी चालली म्हणून येतील. तसं नकोय मला. फोडायला आलं पाहिजे." आणि नंबर फिरवला. "फुलं संपली. या."

चिपळूण तोवर भारतात परतली होती. तिने व्हिडिओवर बघते म्हणून सांगितलं. बाई म्हणाल्या, बघून फुटत नाही. बार्शीला सुट्टी नव्हती. नागपूरच्या वेळी रिसीव्हरमधून लहान मुलीचा आवाज ऐकू आला आणि मागून त्याचा, मोठा, आनंदी: "काकू! अगदी मनातलं बोललात. या संडेला हिचं स्विमिंग आहे, नेक्स्ट वीकेंड पक्का. एकदम पक्का." बाई म्हणाल्या, "बरं."

मी त्याच दिवशी माझा गड्डा फोडला आणि अर्धा ब्रेंटफर्डला नेला. पुढच्या रविवारी बाईंनी दुपारी पाटवड्या केल्या. स्वतः. मी तिथे होते, भाचा होता, सामान खोक्यांत भरलेलं होतं. जेवणाची भांडी बांधली होती, पण दोन काटे त्यांनी बाहेर काढून ओट्यावर ठेवले होते. त्या आठवड्यात आवाज सकाळचा होता. तीन वाजले, आकाश शांत झालं. बाई खिडकीशी बसून होत्या. चहा झाला. भाच्याने एकदा म्हटलं, "मावशी, मी जाऊन आणू का त्याला? ईलिंग फार लांब नाही."

"नको. बोलावून आणल्यासारखं होईल."

"पण तू बोलावलाच आहे ना?"

काटे घेऊन त्या बागेत गेल्या. गुडघ्याखाली उशी घ्यायला त्यांनी नकार दिला. भाच्याने खुर्ची आणली, त्यावर बसून त्यांनी वाकून काम केलं. चिपळूण, बार्शी आणि बाकीची गावं, सगळी त्यांनी एका बैठकीत फोडली. आपला नियम मोडताना त्यांच्या तोंडावर राग नव्हता. मी मुळं धूत होते, भाचा आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत माती भरत होता. नवीन मालक बागेचं काय करतील हे माहीत नव्हतं, म्हणून जमिनीत काही ठेवायचं नाही असं ठरलं होतं. सगळे डबे समोरच्या बुटक्या भिंतीवर मांडले. इकडे नको असलेली वस्तू लोक अशी भिंतीवर ठेवतात. ज्याला हवी तो घेऊन जातो.

बाईंनी भिंतीजवळ खुर्ची मांडून घेतली. पहिली आली ती कोपऱ्यावर राहणारी पंजाबी आजी, सलवारवर लोकरीचा कोट घातलेली. मग कुत्र्याला फिरवणारा एक म्हातारा इंग्लिश माणूस. मग पार्सल पोचवणारा एक तरुण, व्हॅन रस्त्यात तशीच उभी करून.

"शेड," बाई प्रत्येकाला बजावत होत्या. "वॉटर. एव्हरी टू इयर्स, डिव्हाइड. अँड दिस वन इज बार्शी."

"बार्शी," म्हातारा म्हणाला. "थँक..."

"नो, नो! डोन्ट से दॅट!"

म्हातारा थबकला, मग हसला. त्याला ते माहीत होतं. त्याने टोपीला हात लावला आणि एक अक्षर न बोलता बार्शीला घेऊन गेला.

नागपूर त्यांनी शेवटी काढला. एवढा मोठा गड्डा, पण काटे खुपसायची गरजच पडली नाही. उचलल्याबरोबर तो हातात विस्कटला. मधला भाग काळा, पोकळ झालेला. एका कडेला एक फुटवा तेवढा जिवंत होता, तीन पानं आणि खाली बोटभर पांढरी मुळं. अर्धं करण्यासारखं त्यात काही नव्हतं. बाईंनी तो बराच वेळ तळहातावर धरला. मी रिकामा डबा पुढे केला.

"नको," त्या म्हणाल्या. त्यांनी खुर्ची पुढे ओढायला लावली, होता त्याच जागी बोटाने खळगा केला, फुटवा लावला आणि अंगठ्याने दाबला.

"पण काकू, नवीन लोक..."

"येतो म्हणालाय ना? मग शोधेल कुठे तो?"

दोन दिवसांनी भाच्याने त्यांना गाडीत बसवलं. गाडी सुरू झाल्यावर त्यांनी काच खाली केली. "जळगावला पाणी", त्या म्हणाल्या आणि थांबल्या, कारण वरून विमान चाललं होतं. गाडी निघून गेली.

साउथहॅम्प्टनला मी त्यांना भेटायला गेले ते त्या हिवाळ्यात. चौथा मजला, स्वच्छ फ्लॅट, खाली खाडी, पांढरी मोठी जहाजं. भाचा प्रेमाने वागत होता. त्याने बाल्कनीत खुर्ची आणि गुडघ्यांवर घ्यायला पांघरूण ठेवलं होतं. बाल्कनीत कुंडी नव्हती. जेवणात भात चौकोनी होता. बाई सलग बोलत होत्या, एका वाक्यातून दुसऱ्यात, आणि मध्येच कारण नसताना थांबत. वर काहीच नसे. मग पुढचा शब्द काय होता ते त्यांना आठवत नसे. हाउन्सलोच्या घरात मी असं कधी बघितलं नव्हतं.

मार्चमध्ये मला कामासाठी हाउन्सलोला जावं लागलं. परतताना त्या रस्त्याने गेले. कोपऱ्यावरच्या आजींच्या दाराशी तुपाच्या मोठ्या डब्यात प्रिमरोझ फुललं होतं. त्यापुढे चार घरं सोडून, भांडी धुण्याच्या एका जुन्या टबात, फिकट पिवळी फुलं. तिथला म्हातारा मला ओळखून म्हणाला, "बार्शी इज आउट." म्हणजे फुलला. त्याचा उच्चार ठीक होता.

बाईंच्या जुन्या घराची बेल वाजवली. नवीन मालकीण, कडेवर बाळ घेतलेली, तिशीतली असेल. मी आधीच्या काकूंच्या ओळखीची आहे, मागची बाग एकदा बघू का, असं विचारलं. ती म्हणाली, तुम्ही दुसऱ्या.

मदर्स डेच्या रविवारी, तो इकडे मार्चमध्येच येतो, एक माणूस आला होता, लहान मुलीला घेऊन. हातात सुपरमार्केटमधलं जांभळं प्रिमरोझ, कागदासकट. आंटी आहेत का म्हणाला. त्या उन्हाळ्यातच घर सोडून गेल्या हे ऐकून तो पायरीवर तसाच उभा राहिला. मग बाग बघू का विचारलं. बागेत गेला तो सरळ कुंपणाशी, नाशपतीखाली, आणि खाली बसला. बसूनच राहिला. शेवटी आत येऊन त्याने तिच्याकडे जेवणाचे दोन काटे मागितले.

"मला वाटलं मुलीला काही खायला द्यायचंय," ती म्हणाली.

त्याने झाड उपटलं, फाडलं, कात्री मागून मुळं कापली. अर्धं परत लावलं. अर्धं मुलीच्या खाऊच्या डब्यात घालून नेलं. जांभळं झाड पायरीवर राहिलं. ते तिने आत आणलं होतं, आता सुकत आलं होतं. जाताना लहान मुलगी तिला थँक यू म्हणाली, तर त्याने तिच्या तोंडावर हात ठेवला. "तुमच्यात थँक यू म्हणायचं नसतं का?" नवीन मालकिणीने मला विचारलं.

मी बागेत गेले. ओळ नव्हती, गवत होतं, बाळाचा झोपाळा होता. कुंपणाशी पानं कापलेला छोटा गड्डा, भोवतीची माती अंगठ्याने दाबलेली. ठसा बाईंच्या अंगठ्यापेक्षा रुंद होता.

रस्त्यावर येऊन मी साउथहॅम्प्टनला फोन लावला आणि सगळं क्रमाने सांगितलं. बाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"मार्चमध्ये?" त्या शेवटी म्हणाल्या. "फुलं अंगावर असताना फोडलं?"

"हो."

"मूर्ख आहे. काही शिकला नाही." मग, "काटे मागितले?"

"दोन."

"अर्धं ठेवलं?"

"ठेवलंय. दाबलंय नीट."

"आणि ते जांभळं कोणाला आणलं होतं?"

"तुम्हाला."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"तुमचा तिकडचा नंबर देऊ का त्याला?"

"काही नको. मेमध्ये मीच करीन. त्याचा पाठ आहे मला." त्यांचा आवाज घाईचा झाला. "तू आत्ता परत जा आणि त्या बाईला सांग, फुलं खुडून टाक म्हणावं, सगळी, आणि रोज..."

पूर्वेकडून विमान आलं. चाकं काढलेली, नेहमीच्या वाटेने. बाई थांबल्या. आवाज त्यांना माझ्या फोनमधून ऐकू जात असणार. मीही थांबले. ते छपरांवरून गेलं, नाशपतीवरून गेलं, रेल्वेच्या पलीकडे गेलं.

"...पाणी घाल," बाई म्हणाल्या.

"सांगते."

"पुढचं कधी आहे?"

"येईलच आता. दिवे दिसतायत."

"मग फोन जरा वर धर," त्या म्हणाल्या.

मी धरला.